विडीच्या घरात पहिला सिगार

गोदातीर

नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वेळा वाचनमात्र असते. गेल्या शनिवारी आयुष्यात पहिल्यांदा सिगार ओढला. तेव्हापासून काही गोष्टी डोक्यातून जात नाहीत, आणि जाणकारांना विचारायचंही आहे, म्हणून हा धागा.

आमचं मूळ घर सिन्नरचं. आजीनं पन्नासएक वर्षं विड्या वळल्या. आई लग्न होईपर्यंत तिच्या शेजारी बसून दोरा बांधायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं. मजुरी हजारावर. ठेकेदाराचा माणूस जुडी हातात घेऊन दाबून बघायचा आणि सैल लागली की बाद करायचा. बाद झालेल्या विड्यांचे पैसे नाहीत. आजीला ज्या कायद्यानं विडी कामगार म्हणून ओळख दिली त्याचं नाव होतं ‘विडी व सिगार कामगार अधिनियम, १९६६’. त्या नावात सिगार कशाला आला, हे मला लहानपणी कळायचं नाही. सिन्नरमध्ये सिगार कुणी पाहिला होता!

मावसभाऊ मस्कतला असतो. येताना त्यानं ड्यूटी फ्रीमधून निकाराग्वाचे दोन चांगले सिगार आणले. कंपनीचं नाव देत नाही, कारण पुढे जे झालं त्यात तिचा दोष नव्हता. माप रोबुस्टो, म्हणजे सुमारे पाच इंच लांब आणि माझ्या अंगठ्याहून जाड. रंग काताचा. पेटवण्याआधी मी तो बराच वेळ नुसता हातात घेऊन बसले होते. वरचं पान इतक्या सफाईनं गुंडाळलेलं की सांधा शोधायला नख फिरवावं लागलं. बोटांना किंचित तेलकट लागत होतं. वास मनुक्यांचा, नव्या चामड्याचा, आणि गुळाची ढेप फोडल्यावर येतो तसा ओलसर गोड. जर्द्याचा नाकात घुसणारा तिखटपणा अजिबात नाही. आईनं हुंगला आणि म्हणाली, “ही आपली तंबाखू नव्हे गं.”

कटर नव्हता. आजीची पानं कापायची कात्री आईनं जपून ठेवली आहे, तीच घेतली. कात्री गोल वस्तूला कापायच्या आधी चेपते, हे तेव्हा लक्षात आलं नाही. तोंडाकडच्या टोकावरची पानाची टोपी तडकली आणि वरचं पान अर्धा इंच उकललं. गच्चीवर वारा होता. काडेपेटीतल्या अकरा काड्या गेल्या तेव्हा कुठे एका बाजूनं पेटला.

पहिली पाच मिनिटं मी विसरणार नाही. धूर जड आणि मऊ होता, तोंडात नुसता धरला तरी चव यायची: भाजलेला शेंगदाणा, कोको, मागून जराशी सुंठ. मग माझी चूक झाली. मी विडी ओढणारी माणसं बघत वाढले. विडी जरा थांबलात की विझते, म्हणून ती सारखी ओढावी लागते. मीही तसेच झुरक्यावर झुरके घेत राहिले. पोटात फक्त चार वाजताचा चहा होता. पंधरा-वीस मिनिटांत सिगार तापून कडू झाला, जीभ पोळली, कपाळावर गार घाम आला आणि मळमळायला लागलं. पाण्याच्या टाकीला डोकं टेकवून बसले. आईनं साखरपाणी आणून दिलं. अर्ध्या-पाऊण तासानं बरं वाटलं.

उरलेला तुकडा कागदात गुंडाळून ठेवला आहे. दुसरा सिगार तसाच आहे. मला त्या पहिल्या पाच मिनिटांत जे मिळालं ते नीट समजून घ्यायचंय. कसा ओढायचा? आणि नाशिकच्या या उन्हाळ्यात तोपर्यंत ठेवायचा कसा?

फोर्टातला

गोदातीर ताई, तुम्ही जे वर्णन केलंत ते निकोटिन चढणं. पहिल्या सिगारला बहुतेकांचं हेच होतं आणि कारणंही हीच: रिकामं पोट, घाई, आणि सुरुवातीलाच जाड, गडद सिगार. मी पंचवीस वर्षं ओढतोय, महिन्यातून दोन-तीन, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पोटभर जेवा. जवळ काहीतरी गोड असू द्या, गुळाचा खडासुद्धा चालेल.

कापताना फक्त टोपी उडवायची. तोंडाकडच्या गोल टोकावर वेगळं छोटं पान चिकटवलेलं असतं, त्याची पुसट कडा दिसते. त्या कडेच्या वर, दीड-दोन मिलिमीटर. कडेच्या खाली गेलात की सगळं वेष्टन सुटतं. दुधारी कटर स्वस्त मिळतो, तो घ्या. कापल्यावर न पेटवता एक-दोनदा ओढून बघा. हवा सहज आली पाहिजे. जाड मिल्कशेक स्ट्रॉनं ओढल्यासारखं वाटलं तर आत वळताना पानं दाबली गेली आहेत.

पेटवायला ब्युटेनचा लायटर किंवा लांब लाकडी काडी. काडीचा गंधक आधी जळून जाऊ द्या. पेट्रोलचा लायटर नको, त्याचा वास पहिल्या इंचभर पुरतो. ज्योत सिगारला टेकवायची नाही. टोक ज्योतीच्या वर धरून हळूहळू फिरवायचं, पापड भाजताना फिरवतो तसं. सगळी कड लाल झाली की मग तोंडात धरून एक-दोन हलके झुरके. या कामाला मिनिटभर लागलं तरी लागू द्या. वाऱ्यात पेटवूच नका. एका बाजूनं पेटलेला सिगार एका बाजूनंच पळत सुटतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही. धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात घोळवायचा आणि सोडायचा. सिगार विडीसारखा लगेच विझत नाही. विझलाच तर राख झाडून परत पेटवता येतो. भराभर ओढलं की टोक तापतं आणि चव जळते, तो कडूपणा तुम्ही ओढून आणलात. रोबुस्टोला पाऊण तास ते तास लागतो. तेवढा वेळ नसेल त्या दिवशी पेटवू नये. राख सारखी झाडू नका, इंचभर झाली की अलगद टेकवा. आणि शेवटपर्यंत संपवलाच पाहिजे असं काही नाही. तिखट व्हायला लागला की ठेवून द्या. चुरगाळायचा नाही, आपोआप विझतो आणि घाण वासही येत नाही.

साठवण: ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि वीसच्या आसपास तापमान हवं. एका-दोन सिगारसाठी लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे ओलावा राखणारी पेटी, घ्यायची गरज नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि ६५ किंवा ६९ टक्क्यांची आर्द्रतेची पुडी, झालं. मसाल्याच्या फडताळात ठेवू नका, सिगार वास फार लवकर धरतो. उघडा फ्रिजमध्येही नको, खडखडीत वाळेल. ऊन मात्र खरा शत्रू. पंचवीसच्या वर तापमान फार दिवस राहिलं तर तंबाखूतला बारीक तपकिरी किडा जागा होतो आणि वेष्टनाला टाचणीएवढी भोकं पाडतो. हळदीत आणि सुंठीत होतो तोच हा किडा. घरातली सगळ्यात थंड खोली शोधा आणि फार दिवस ठेवू नका.

कृष्णाकाठ

ताई, सिन्नरच्या सुपातला जर्दा बहुधा आमच्याकडूनच आलेला असेल. मी निपाणीजवळचा, तीन पिढ्यांची तंबाखू. तंबाखूच्या भावासाठी झालेल्या १९८१ च्या आंदोलनात माझे वडील रस्त्यावर बसले होते. दर पाडून घेतला जायचा तेव्हा सिन्नरच्या बाईला हजारामागे काय मिळतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं, आणि पान कुणी पिकवलं हे तिला.

सिगारबद्दल वरच्या दादांनी लिहिलंच आहे. मी पानाबद्दल सांगतो. तंबाखूला फुलोरा यायच्या बेताला आम्ही शेंडा खुडतो. झाड बी धरायला निघालेलं असतं, शेंडा गेला की तो सगळा जोर पानात उतरतो. मग बगलेतून फुटवे येतात, ते पुन्हा पुन्हा काढत राहायचे. वरच्या पानांना ऊन जास्त, म्हणून ती जाड, चिकट आणि कडक. खालची पातळ, सौम्य, आणि जळायला हलकी. क्यूबात सिगारच्या आतल्या पानांची नावंच यावरून आहेत: खालचं वोलादो, मधलं सेको, वरचं लिगेरो. लिगेरो जळायला जड, म्हणून वळणारा ते बरोबर मध्यभागी ठेवतो. बाजूला गेलं तर सिगार वाकडा जळतो. तुम्हाला चढलं ते त्या लिगेरोनं.

दुसरा फरक वाळवणीचा. आमची तंबाखू उन्हात वाळते आणि तिचा चुरा होतो. सिगारचं पान सावलीत, हवेशीर माळ्यांवर टांगून आठवडेच्या आठवडे वाळतं. मग ढीग रचून त्याला आपल्याच उष्णतेनं आंबवतात. ढिगाचं तापमान चढलं की तो मोडून, आतली पानं बाहेर आणि बाहेरची आत करून पुन्हा रचायचा. त्यात अमोनिया निघून जातो. तुम्हाला गुळाचा वास आला तो या आंबवण्याचा. नाकात घुसणारा तिखटपणा नव्हता त्याचंही कारण तेच.

आमच्या भागाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अकबराचा वकील असद बेग दख्खनेत आला तेव्हा त्याला विजापुरात तंबाखू दिसली, आणि त्यानं ती अकबराच्या दरबारात नजराणा म्हणून नेली. आग्र्याला तंबाखूची ओळख विजापुरानं करून दिली.

एक विनंती. उरलेला तुकडा फेकू नका. पाण्याचा हलका हात लावून आईंना उघडायला सांगा. त्यांच्या बोटांना काय कळतं ते इथे लिहा.

घशाचा डॉक्टर

चर्चा छान चालली आहे, पण मी रोज तोंडं तपासतो, त्यामुळे काही लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

‘धूर छातीत घेत नाही, मग काय होतंय’ हा समज मी शिकलेल्या माणसांकडूनही ऐकतो. सिगारची तंबाखू आंबवलेली असल्यानं तिचा धूर अल्कधर्मी असतो. अशा धुरातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेतून सरळ रक्तात जातं. ताईंनी धूर गिळला नसतानाही त्यांना घाम फुटला तो यामुळे. मोठ्या सिगारमध्ये ५ ते २० ग्रॅम तंबाखू असते, सिगारेटमध्ये एका ग्रॅमहूनही कमी. म्हणजे एखादा सिगार अख्ख्या पाकिटाच्या बरोबरीला जातो. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, फुप्फुस, या सगळ्यांच्या कर्करोगाशी सिगारचा संबंध सिद्ध झालेला आहे. किनारी आंध्रात बायका चुट्टा, म्हणजे गावठी चिरूट, पेटतं टोक तोंडात धरून ओढतात. त्यांच्या टाळूची काय अवस्था होते ते वैद्यकाच्या पुस्तकांत छायाचित्रांसह आहे. धूर महाग तंबाखूचा असला म्हणून त्यातलं विष कमी होत नाही.

सुरक्षित प्रमाण असं काही नाही. ताई, तुम्ही विचारलंत तर मी दुसरा पेटवू नका असंच सांगेन. तरीही पेटवलात तर घरात नाही, लहान मुलांजवळ नाही. आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात तपासून घ्या. हे धाग्यावरच्या सगळ्यांना सांगतोय, मशेरी लावणाऱ्यांना आणि मावा खाणाऱ्यांनाही.

फोर्टातला

डॉक्टर, एकही शब्द खोडता येणार नाही. मी स्वतः दर सहा महिन्यांनी तोंड तपासून घेतो, आणि माझ्या मुलाला सिगार कधी देऊ केलेला नाही.

पारिजात

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतेय. एक शंका. नवऱ्याला मुंबईत रस्त्यालगतच्या एका टपरीवर ‘क्यूबन’ म्हणून पेटी मिळाली, काचेच्या झाकणाची, फारच स्वस्त. ओढल्यावर घसा धरला. ती खरी असेल का?

फोर्टातला

पारिजात, नाही. काचेचं झाकण हीच खोट्या पेटीची खूण. क्यूबातल्या खऱ्या पेटीवर हिरवी-पांढरी हमीपट्टी असते, तळाशी ‘एचो एन कूबा’ (क्यूबात बनवलेलं) आणि पूर्ण हातानं वळल्याचा शिक्का तापवून उठवलेला असतो, शेजारी कारखान्याचा संकेत आणि महिना-वर्ष. अशा बनावट सिगारच्या पोटात अखंड पानांऐवजी झाडून गोळा केलेला चुरा निघतो. उरलेली पेटी टाकून द्या.

आणि ‘क्यूबन’ या शब्दामागे धावू नका. फेब्रुवारी १९६२ मध्ये केनेडींनी क्यूबावर व्यापारबंदी घातली. क्रांतीनंतर आणि त्या बंदीनंतर तिथले कितीतरी बागायतदार आणि वळणारे निकाराग्वा, होंडुरास, डॉमिनिकन प्रजासत्ताकात गेले. बीही तिकडे पोचलं. निकाराग्वातल्या एस्तेलीचा किंवा डॉमिनिकन सांतियागोचा सिगार आज कुठेच उणा नाही. नवख्या माणसानं फिकट कनेटिकट वेष्टनाचा, बारीक आणि आखूड, डॉमिनिकन सिगार घ्यावा. परदेशातून येणाऱ्याला २५ सिगारपर्यंत शुल्क लागत नाही, तेव्हा नातेवाइकाकडून एखाद-दुसरा मागवणं सगळ्यात खात्रीचं.

टँपावासी

मी फ्लोरिडात टँपाला असते. ओढत नाही, पण ताईंनी सिन्नरचं लिहिलं आणि मला इथली ईबोर सिटी आठवली. व्हिसेंते मार्तीनेस ईबोरनं १८८५ च्या सुमारास इथे सिगारचे कारखाने आणले आणि एक अख्खं शहर हातानं पान वळणाऱ्यांचं झालं: क्यूबन, स्पॅनिश, सिसिलियन. विटांच्या त्या इमारती अजून उभ्या आहेत.

त्या कारखान्यांत वळणाऱ्यांच्या लांबलचक रांगांमध्ये एक उंच मचाण असायचं आणि त्यावर बसून एक जण दिवसभर मोठ्यानं वाचायचा. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. ही पद्धत हवानातून आली, १८६५ पासूनची. वाचणाऱ्याचा पगार मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढत आणि काय वाचायचं तेही तेच ठरवत. ज्यांना अक्षर येत नव्हतं ते कान देऊन शिकले. होसे मार्तींनी १८९१ मध्ये याच कामगारांसमोर क्यूबाच्या स्वातंत्र्यासाठी भाषणं केली. १९३१ मध्ये मालकांनी वाचक बंद केले, कारण काय वाचलं जातंय ते त्यांना मानवेना. कामगारांनी संप केला, पण वाचक परत आले नाहीत. मचाणं काढली आणि रेडिओ लावले.

सिन्नरला असं काही होतं का?

गोदातीर

टँपावासी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “आमच्या ओसरीवर श्रावणात पोथी असायची.” शाळेतून आलेल्या मुलीला दारात बसवायचे, ती वाचायची, पाच-सहा बायका वळत वळत ऐकायच्या. त्या मुलीच्या वाट्याच्या पानांची कापणी बाकीच्या करून द्यायच्या. ती मुलगी बहुतेक वेळा आईच असायची. आईच्या वाचनाची गोडी कुठली, हे मला चाळिसाव्या वर्षी कळतंय. पुढे त्यांच्याकडेही रेडिओ आला.

डॉक्टर, तुम्ही लिहिलंत ते मनावर घेतलंय. आजी शेवटची दहा वर्षं खोकत होती. विडी तिनं कधी ओढली नाही, फक्त जर्द्याची धूळ. दुसरा सिगार मी ओढला, तो शेवटचा. आठवड्यातून एकदा असं मला करायचं नाहीये, हे मी आधीच ठरवलं होतं.

रविवारी दुपारी पिठलं-भात पोटभर जेवून, वारा पडल्यावर गच्चीवर बसले. नवा कटर, लांब काडी. पापडाची उपमा बरोबर लागू पडली, टोक सगळीकडून सारखं लाल झालं. घड्याळ समोर ठेवून मिनिटाला एक झुरका. पहिला इंच कोको आणि शेंगदाणा, परवासारखाच. त्याच्या पुढे काय असतं ते मागच्या वेळी कळलंच नव्हतं. तिखट उतरलं आणि एक लाकडाचा वास आला, नवी संदूक उघडल्यासारखा, त्यात किंचित दालचिनी. राख सव्वा इंच टिकली, करडी-पांढरी, तिच्यावर पानाच्या शिरांची नक्षी दिसत होती. पस्तीस मिनिटांनी, निम्म्यावर, चव जड व्हायला लागली आणि मी ठेवून दिला. मळमळ नाही, घाम नाही.

आता कृष्णाकाठ दादांचं काम. परवाचा तुकडा आईनं काल सकाळी उघडला. आजीचं सूप मांडीवर घेतलं. आधी ओल्या फडक्यात तासभर ठेवला, टेंभुर्णीच्या पानासारखाच. मग जळका भाग कापून टाकला आणि वरचं पान नखानं सोडवलं. ते तिरकं, नागमोडी गुंडाळत आणलेलं होतं. सोडवल्यावर वीतभर पट्टी निघाली, कांद्याच्या पातीइतकी पातळ, आणि फाटली नाही. आईनं ती उजेडासमोर धरली आणि म्हणाली, “ह्याची मधली शीर काढलीय. पान उभं अर्धं केलंय.” त्याच्या आत दुसरं जाड पान, सगळं धरून ठेवणारं. त्याच्याही आत चार पानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड, पंख्यासारखी दुमडलेली. चुरा नाही, काडी नाही. अगदी मधलं पान काळसर आणि चिकट होतं. आईनं ते वेगळं काढून ठेवलं. “ह्यानं तुला पाडलं.”

मग ती वरची पट्टी परत गुंडाळायला लागली आणि अडली. विडी वळताना तिचा हात ज्या बाजूनं जातो त्या बाजूनं ती पट्टी बसेना, शिरा उलट्या पडायला लागल्या. दोनदा सोडलं, दोनदा गुंडाळलं. तिसऱ्यांदा हात बदलला आणि पट्टी सरळ बसली.

“हे पानाचं डावं अर्धं असणार,” ती म्हणाली. “उजव्या अर्ध्याचा दुसऱ्या बाजूनं वळत असतील. विचार त्यांना.”

म्हणून विचारतेय. टँपावासी, तिथे अजून कुणी हातानं वळत असेल, तर एवढं बघून सांगाल का?

टँपावासी

शनिवारी जाते. आईंना सांगा, त्यांचा प्रश्न त्यांच्याच शब्दांत विचारीन.

कृष्णाकाठ

विचारून या, पण आईंचं बरोबरच आहे. पानाच्या दोन अर्ध्यांचे दोन कल असतात आणि वळणाऱ्यांना ते वेगवेगळे मोजून दिले जातात. ताई, त्यांना माझा नमस्कार सांगा.